उच्च माध्यमिक विशेष विषयांचा अभ्यासक्रम आणि तो रचणारा शिक्षक



प्राथमिक शिक्षकांसाठी निघणाऱ्या या पुस्तिकेत अकरावी-बारावीच्या विषयांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न शीर्षक वाचताच आपल्या मनात उभा राहील. प्रश्न रास्त आहे. परंतु आज आपल्या समोर पाटीवर गुंठे व एकर यांचे हिशेब करीत बसलेला मुलगा पाच-सहा वर्षांनी तालुक्याच्या गावी जाऊन पीकशास्त्र, भूशास्त्र किंवा पुस्तपालन व लेखाकर्म असा एखादा विशेष विषय निवडणार आहे. त्या विषयाचा अभ्यासक्रम ज्याने रचला, त्याने आपला वर्ग कधी पाहिलेला नसतो; आणि आपण जे शिकविले त्याचा पुढे काय उपयोग झाला, हे आपल्यालाही कोणी सांगत नाही. ही दोन टोके एकमेकांस कधी भेटत नाहीत. त्यांच्या मधल्या खड्ड्यात जो पडतो, तो खेड्यातील विद्यार्थी.

माझ्याच हाताखाली सातवीपर्यंत शिकलेला एक मुलगा अकरावीत शेतीचा विषय घेऊन वर्षाच्या आतच घरी परतला. घरी पाच एकर जमीन, वडील जाणते शेतकरी, आणि मुलगा शेतीच्याच विषयात मागे पडला. कारण विचारता तो म्हणाला, "गुरुजी, त्या पुस्तकात आमची जमीन कुठेच नव्हती." हे वाक्य मी अनेक वर्षे बरोबर वागविले आहे. पुढे अशा विषयांचे अभ्यासक्रम रचण्यासाठी शिक्षकांना कसे तयार करतात हे पाहण्याची संधी एका प्रशिक्षणवर्गात मिळाली, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ उलगडला. त्या वर्गात जे घडले, ते मुख्यतः येथे सांगावयाचे आहे.

प्रथम एक शब्दभेद ध्यानात घ्यावा. पाठ्यक्रम म्हणजे शिकवावयाच्या मुद्द्यांची यादी. अभ्यासक्रम त्याहून व्यापक आहे. का शिकवावयाचे, कोणास, कोणत्या क्रमाने, कोणत्या कृतींच्या द्वारे, किती तासिकांत, आणि शिकले की नाही हे कशावरून ओळखावयाचे, या साऱ्यांची एकत्र बांधणी म्हणजे अभ्यासक्रम. आपल्याकडे यादी हाती आली की अभ्यासक्रम आला असे समजण्याची सवय पडली आहे. यादी वरून येते हे खरे. तथापि बाकीची बांधणी कोणीतरी करावीच लागते, आणि ती कोणी जाणीवपूर्वक केली नाही तर पाठ्यपुस्तकाची पाने ती आपोआप करून टाकतात. शिवाय राज्य मंडळाच्या अभ्यासमंडळांवर कार्यरत शिक्षकांनाही घेतले जाते. म्हणजे यादी करण्याच्या कामातही शिक्षकाचा हात असतोच. तो हात शिकलेला असावा, एवढीच अपेक्षा.

या शास्त्राची तात्त्विक बाजू मी थोडक्यात उरकतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती पदविकेच्या अभ्यासात घोकलेली आहे. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठातील राल्फ टायलर यांनी 1949 साली चार साधे प्रश्न मांडले. शाळेने कोणती उद्दिष्टे गाठावयाची? ती गाठण्यास कोणते अनुभव द्यावयाचे? त्या अनुभवांची जुळणी कशी करावयाची? उद्दिष्टे गाठली की नाही हे कसे ठरवावयाचे? त्यांचे सहकारी बेंजामिन ब्लूम यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण 1956 साली प्रसिद्ध झाले, आणि 1957-58 च्या सुमारास ते स्वतः भारतात येऊन परीक्षासुधारणेविषयी शिक्षकांच्या कार्यसत्रांत बोलले. आपल्या टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य हे चार रकाने येतात, त्यांचे मूळ बव्हंशी तेथे आहे. रकाने आले, त्यांमागचा विचार मात्र पुष्कळदा वाटेतच राहिला.

आता त्या प्रशिक्षणवर्गाकडे वळू.

वर्गात तीसेक शिक्षक होते. निम्मे कनिष्ठ महाविद्यालयांत शेती व विज्ञान शिकविणारे, काही माध्यमिक शाळांचे, आणि आम्ही चौघे प्राथमिकचे. आम्हांला का बोलाविले हे प्रथम कोणालाच कळेना, आम्हांलाही नाही. काम असे दिले की, कोरडवाहू तालुक्यातील अकरावीच्या मुलांसाठी 'माती' हा घटक रचावा. एका कृषिपदवीधर शिक्षकांनी अर्ध्या तासात चौदा मुद्द्यांची यादी फळ्यावर लिहून काढली. मातीची व्याख्या, मातीची निर्मिती, खडकांचे प्रकार, मातीचे थर, कणरचना, मातीतील कलिल द्रव्ये, धन आयनांची अदलाबदल, असा तो क्रम होता. यादीत चूक काहीच नव्हती. मार्गदर्शकांनी ती वाचली आणि शांतपणे विचारले, "आपल्या स्वतःच्या पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वहीपेक्षा ही यादी कोठे वेगळी आहे?" पदवीधर गृहस्थ हसले आणि म्हणाले, "फक्त लांबीने."

विशेष विषयाच्या शिक्षकापुढील पहिली अडचण नेमकी हीच आहे. तो विषयाचा जाणकार असतो. म्हणून स्वतः ज्या क्रमाने शिकला, तोच विषयाचा नैसर्गिक क्रम आहे असे त्याला वाटते. मग वडिलांचा सदरा कापून मुलाला घालावा, तसा विद्यापीठाचा पाठ्यक्रम आखूड करून तो अकरावीस दिला जातो. बाह्या आखूड होतात, पण खांदे तसेच रुंद राहतात.

मार्गदर्शकांनी यादी पुसली नाही. त्यांनी प्रत्येकाच्या हाती एकेक जमीन आरोग्य पत्रिका दिली. ही पत्रिका देण्याची योजना केंद्र सरकारने 2015 साली सुरू केली. तिच्यात मातीच्या बारा बाबींची नोंद असते. सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश व गंधक. आणि जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही सूक्ष्म द्रव्ये. खाली खतांची शिफारस छापलेली असते. आम्हांला दिलेले काम एका वाक्याचे होते: "या शेतकऱ्याचे दीड एकर रान आहे, शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची आहे, त्याने युरियाच्या किती गोण्या आणाव्यात ते सांगा."

वाचकहो, तीस शिक्षकांपैकी अकरा जणांचे उत्तर चुकले, हे सांगताना मला संकोच वाटतो. कारण त्या अकरांत मी होतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर. म्हणून दीड एकर म्हणजे सुमारे 0.61 हेक्टर, आणि त्यास नत्र हवे सुमारे 61 किलो. युरियात नत्राचे प्रमाण 46 टक्के. म्हणजे युरिया लागेल सुमारे 132 किलो. गोणी 45 किलोची. तेव्हा तीन गोण्यांना थोडे कमी. आम्ही अकरा जणांनी हेक्टर आणि एकर यांतील भेद घाईत सोडून दिला, दीडास शंभराने गुणिले, आणि आमचे उत्तर आले सात गोण्यांहून अधिक. शेतकऱ्याने आमचे ऐकले असते तर त्याचा पैसा तर गेलाच असता. शिवाय पीक नुसते माजले असते, किडीस बळी पडले असते, आणि उरलेले नत्र पावसाबरोबर विहिरीत उतरले असते.

मग मार्गदर्शकांनी फळ्यावरील चौदा मुद्द्यांकडे बोट दाखवून विचारले, "या चौदांपैकी कोणता मुद्दा शिकल्याने ही चूक टळली असती?" एकही नाही. ती चूक टाळणारे ज्ञान अकरावीच्या पुस्तकातले नव्हतेच. दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, एककांचे रूपांतर हे सारे पाचवी ते सातवीतले. आम्हां चौघा प्राथमिक शिक्षकांना का बोलाविले, ते तेव्हा सर्वांना कळले.

यापुढे रचनेचे काम उलट दिशेने चालले. घटकाच्या शेवटी विद्यार्थ्याने काय करून दाखवावे, हे प्रथम ठरले: आपल्या गावातील एका शेताच्या मातीचा नमुना रीतसर घ्यावा, त्या शेताची पत्रिका वाचावी, आणि शेतकऱ्यास समजेल अशा भाषेत सल्ला लिहून द्यावा. तेथून एकेक पायरी मागे येत, याकरिता काय यावयास हवे, असे विचारीत गेलो. येथे विषय खरोखर खुलला.

नमुना घेणे हीच बाब पाहा. वरवर हे हातकाम वाटते. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा करावयाचा, 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती कडेने सारखी खरवडून घ्यावयाची, सारी एकत्र मिसळावयाची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावयाचे, आणि असे करीत अर्धा किलो ठेवावयाची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यावयाची नाही. का नाही? हा प्रश्न विचारताच हातकामाचे शास्त्र होते. मूठभर मातीने साऱ्या रानाची साक्ष द्यावयाची आहे. साक्षीदार निवडण्यात पक्षपात झाला तर पुढची प्रयोगशाळा कितीही चांगली असो, निकाल खोटाच. योजनेच्या आरंभीच्या रीतीप्रमाणे बागायतीत अडीच हेक्टरांच्या व जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेतला जाई. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातील पत्रिका त्याच्याच रानाच्या मातीची असेल असे नाही. हे ज्या विद्यार्थ्यास कळले, तो पत्रिकेवर आंधळा विश्वास ठेवणार नाही आणि ती फेकूनही देणार नाही. उपयोजन या रकान्यात आपण जे लिहितो, ते हे होय.

सामूचीही तशीच गोष्ट. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल, एवढे पाठ करून घेणे सोपे आहे. परंतु सामूची एकेक पायरी दहापटीची असते. साडेसात आणि साडेआठ यांत फरक एकाचा दिसतो, पण विम्लता दहापट वाढलेली असते. आपल्या दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींत सामू वर गेला की लोह व जस्त मातीत असूनही पिकास घेता येत नाहीत. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्र कमी पडले तर पिवळेपणा आधी खालच्या जुन्या पानांवर येतो. हे दोन पिवळे रंग वेगळे ओळखणे हे अकरावीच्या मुलास सहज साधते, शेतकऱ्याच्या मुलास तर अधिकच; कारण पाहण्याची सवय त्याला घरून मिळालेली असते. ज्याला 'पुस्तकात आमची जमीन नव्हती' असे वाटले, त्या माझ्या विद्यार्थ्याचे भांडवल हेच होते, आणि त्याच्या अभ्यासक्रमाने ते वापरलेच नाही.

या ठिकाणी वर्गात थोडा वाद झाला. धन आयनांची अदलाबदल यादीतून काढावयाची की ठेवावयाची? काढली तर पुढे कृषिमहाविद्यालयात जाणारा मुलगा अडेल, असे काहींचे म्हणणे. ठेवली तर शेतीकडे परतणाऱ्यास तिचा काय उपयोग, असे इतरांचे. विशेष विषयांचा हा कायमचा पेच आहे. एकाच बाकावर पुढे शिकणारा आणि कामास लागणारा असे दोघे बसलेले असतात. माझे मत विचाराल तर, हा पेच यादी तोडून सुटत नाही. क्रम बदलून सुटतो. जेरोम ब्रूनर यांनी 1960 साली असे प्रतिपादिले की, विषयाची मूलभूत कल्पना प्रामाणिक रूपात कोणत्याही वयास शिकविता येते. मात्र तिच्याकडे पुन्हा पुन्हा, दरवेळी वरच्या पायरीवरून, यावे लागते. मातीचे कण काही पोषकद्रव्ये धरून ठेवतात व काही वाहू देतात, ही कल्पना चौथीतील मुलास वाळू आणि काळी माती यांतून पाणी गाळून दाखविता येते. अकरावीत तीच कल्पना खताच्या हप्त्यांचे कारण म्हणून येते: हलक्या जमिनीत नत्र एकदम न देता विभागून का द्यावे? आयन हा शब्द त्यानंतर यावा. मग तो अडखळविणारा न राहता उत्तर देणारा होतो.

दुसरे एक काम आम्हांला दिले, ते मला सर्वांत मोलाचे वाटले. प्रत्येक मुद्द्यापुढे 'सोळा वर्षांचा मुलगा येथे काय चुकीचे समजेल?' हे लिहावयाचे. अनुभवी शिक्षकांनी हा रकाना भराभर भरला. नुकत्याच लागलेल्या, परंतु विषयात अधिक विद्वान असलेल्या दोघांना तो भरताच येईना. खत म्हणजे पिकाचे अन्न, म्हणून जितके अधिक तितके चांगले. काळी जमीन म्हणजे नेहमीच सेंद्रिय कर्बाने भरलेली. क्षार आणि चुनखडी एकच. अशा समजुती पुस्तकात कोठे लिहिलेल्या नसतात. अमेरिकेतील ली शुलमन यांनी 1986 साली या ज्ञानाकडे लक्ष वेधले. विषय जाणणे वेगळे, शिकविण्याच्या रीती जाणणे वेगळे, आणि हा विषय या मुलाच्या मनात कोठे अडेल हे जाणणे हे तिसरेच. अध्यापक विद्यालयांतून 'आशययुक्त अध्यापन पद्धती' नावाने आपण जे शिकलो, त्याचा गाभा हाच. अभ्यासक्रम रचणाऱ्याच्या अंगी हे तिसरे ज्ञान नसेल तर त्याची रचना कागदावर सुबक आणि वर्गात पांगळी ठरते.

परीक्षेविषयी एवढेच सांगतो की, संविधान तक्ता घटक शिकविण्यापूर्वी तयार करून घेण्यात आला. आपण तो बहुधा प्रश्नपत्रिका काढावयाच्या आदल्या रात्री भरतो! तो आधी भरताच असे दिसून आले की, आमच्या तोंडी उपयोजन होते आणि गुण मात्र तीन-चतुर्थांश पाठांतरास दिलेले होते. विद्यार्थी गुणांकडे पाहतो, उद्दिष्टांकडे नाही. त्यात त्याचा दोष नाही.

शिक्षकांनी उच्च माध्यमिक विषयांची रचना करावी, हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात 1970 साली रॅडफर्ड समितीने बाह्य परीक्षा बंद करण्याची शिफारस केली, आणि शालान्त स्तरावरील अशी शेवटची परीक्षा 1972 मध्ये झाली. त्यानंतर कित्येक दशके तेथे व्यापक चौकट राज्याची आणि तपशीलवार कार्ययोजना शाळेतील विषयशिक्षकांची, अशी पद्धत चालली. एका शाळेची योजना व तिच्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष काम दुसऱ्या शाळांतील शिक्षकांची मंडळे तपासत. वेगळा प्रशिक्षणवर्ग न भरविताही अशा मंडळात बसून शिक्षक रचना शिकत. दुसऱ्याची योजना वाचताना स्वतःचे दोष दिसतात, हा अनुभव आपल्यालाही एकमेकांची टाचणे पाहताना येतो. 2019 पासून अकरावीत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथे बाह्य परीक्षेचा काही भाग पुन्हा आणला गेला. परंतु तेवढ्याने मधल्या वर्षांची शिकवण वाया गेली असे मी मानीत नाही.

आपल्याकडेही उदाहरण आहे, आणि ते दूर नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा प्रत्यक्ष कामांवर बेतलेला अभ्यासक्रम तेथून ग्रामीण माध्यमिक शाळांत गेला. गावाला लागणारे काम हाच तेथे पाठ असतो. मुले ते गावासाठी करतात, त्याचा हिशेब ठेवतात, आणि शास्त्र त्या कामाच्या ओघात येते. आमच्या मातीच्या घटकाला त्या धर्तीचा फार उपयोग झाला.

राहता राहिला प्रश्न भेटीचा. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात शाळासमूहाची कल्पना मांडली होती: एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा गुंफाव्यात आणि त्यांच्या शिक्षकांनी एकत्र बसून काम करावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळासमूहाचा पुरस्कार केला आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपण जमतोच, तेथे वर्षातून एकदा जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एका विशेष विषयाच्या शिक्षकास बोलवावे, आणि त्याला एकच विचारावे, "आमची मुले आपल्याकडे कोठे अडतात?" उत्तर बहुधा गणिताच्या किंवा वाचनाच्या एखाद्या लहानशा जागी निघेल. आमच्या वर्गात ते हेक्टर व एकर येथे निघाले. तेव्हापासून मी सहावीला क्षेत्रफळ शिकविताना गावातील खरा सातबारा उतारा फळ्यावर मांडतो. त्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि मुलांच्या घरी बोलतात एकर-गुंठ्यांत. एक आर म्हणजे सुमारे एक गुंठा, एवढ्या धाग्यावर मुले दोन्ही टोके जुळवितात, आणि ते 'सुमारे' किती याविषयी भांडतात. भांडू द्यावे.

प्रशिक्षणवर्गातील घटकाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. तो एका कनिष्ठ महाविद्यालयात वापरून पाहिला. अंदाज बारा तासिकांचा होता. लागल्या सतरा, कारण नमुना घेण्याच्या दिवशी पाऊस झाला आणि ओली माती वाळेपर्यंत थांबावे लागले. मुलांनी लिहिलेले सल्ले शेतकऱ्यांना वाचून दाखविले, तेव्हा निम्म्यांहून अधिक सल्ल्यांत 'उपलब्ध स्फुरदाचे प्रमाण मध्यम' असली पुस्तकी वाक्ये निघाली आणि शेतकऱ्यांनी "म्हणजे टाकू किती?" असे विचारले. म्हणून दुसऱ्या खेपेस भाषेच्या शिक्षकांनाही रचनेत घेतले व सल्ला लिहिण्यास दोन तासिका वेगळ्या ठेवल्या. मूळच्या चौदा मुद्द्यांपैकी नऊ राहिले, तीन बारावीकडे गेले, दोन गळले. गळलेल्या दोहोंपैकी एक त्या पदवीधर शिक्षकांचा अत्यंत आवडता होता. त्यांनी तो स्वतःच्या हाताने खोडला, आणि मग म्हणाले की, आवडत्या मुलांना एखाद्या रविवारी घरी बोलावून तो मी शिकवीनच.